शेवटून दुसरं पुस्तक

क्लेम नॅनकिव्हेलने एकदा हिवाळा संपला म्हणून पुस्तक थांबवलं होतं. मी त्याच्या छापखान्यात यायच्या खूप आधीची गोष्ट. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याने छापून ठेवलं होतं की हे पुस्तक हिवाळ्यात छापलं, आणि चार ताव उरले असताना एक सप्टेंबर, म्हणजे आमच्याकडचा वसंत, उजाडला. लोकांनी पत्रं लिहिली, फोन केले, एकजण तर ॲडलेडहून गाडी घेऊन आला. क्लेमने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. नऊ महिन्यांनी, एक जूनला सकाळी सात वाजता, त्याने ते चार ताव छापले आणि मग नाश्ता केला.

हाताने छापलेल्या पुस्तकाच्या अगदी शेवटी एक छोटा परिच्छेद असतो. किती प्रती काढल्या, कागद कुठला, शिशाच्या अक्षरांचे खिळे कुणी जुळवले, चित्रं कुणी कोरली. बाहेरच्या जगात त्याला भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला कबुली म्हणतो. क्लेमचं म्हणणं असं, की कादंबरीत लेखक पानोपानी खोटं बोलतो, तो त्याचा धंदाच आहे. निदान शेवटच्या पानावर छपाईवाल्याने खरं बोलावं. पंचेचाळीस वर्षांत त्याची एकही कबुली खोटी निघाली नव्हती.

आणि मग मी एक विनोद केला.

पोर्ट ट्रेव्हेनामध्ये विनोद करायला फारसं काही नाही. बोटींचा एक धक्का आहे, गव्हाच्या कोठ्या आहेत, एक बेकरी आहे आणि हिरवळीवर गोळे घरंगळवायचा एक बोलिंग क्लब. क्लेमचा छापखाना जुन्या लोकरीच्या शेडमध्ये. आत एक लोखंडी हातयंत्र आहे, वजनाला दीड गाय. त्याच्या डोक्यावर टोकदार लोखंडी टोपी आहे म्हणून त्याचं नाव बिशप. आमच्या गावात सगळे मेथडिस्ट, म्हणजे बिशप नसलेल्या पंथाचे, त्यामुळे बिशप एवढा एकच.

मी टेगन पोल्किंगहॉर्न. सकाळी बेकरीत सारण भरलेल्या पेस्टीच्या कडा दुमडते आणि दुपारी क्लेमकडे खिळे जुळवते. सहा वर्षं झाली. सहा वर्षांत मी शिशाचं प्रत्येक अक्षर हाताळलं, शाई घोटली, रूळ फिरवला, पण बिशपचा दांडा एकदाही ओढला नाही. तो क्लेम ओढतो. दुसऱ्या कुणी हात लावला तर तो असं बघतो, की जणू आपण त्याच्या दातांचा ब्रश वापरतोय.

पण मार्चमध्ये डॉक्टरने त्याच्या उजव्या खांद्याचा फोटो काढला आणि म्हणाला, एवढं हातातलं पुस्तक पुरं कर, मग बस. क्लेमने घरी येऊन ॲडलेडच्या एका वाइन बारच्या मालकाला शब्द देऊन टाकला. जूनच्या शेवटच्या शनिवारी ट्रक येणार, बिशपला घेऊन जाणार. बारमध्ये मधोमध उभं करून ते लोक त्यावर चीज मांडणार होते.

"चीज?" मी म्हणाले.

"वेगवेगळ्या प्रकारचं," क्लेम म्हणाला, जणू त्याने फरक पडणार होता.

"अरे, मला दे ना यंत्र. मी चालवेन."

"पोरी, तू चांगली जुळारी आहेस. छापणं वेगळं. आणि मी शब्द दिलाय."

क्लेमने शब्द दिला की तो विषय शिशात ओतल्यासारखा होतो. मी पेस्टीच्या कडा त्या आठवड्यात जरा जास्तच जोरात दुमडल्या, गिऱ्हाइकांनी तक्रार केली.

हातातलं पुस्तक म्हणजे 'खाऱ्या वाऱ्याचं घर'. आमच्या किनाऱ्यावर शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला ही जुनी कादंबरी वाचावीच लागते, त्यामुळे कुणीही ती स्वखुशीने वाचलेली नाही. एक माणूस दारात खुर्ची टाकून एकवीस वर्षं एका जहाजाची वाट बघतो. जहाज येतं तेव्हा तो घरी नसतो. अठ्ठ्याऐंशी पानं, सात चित्रं, बेचाळीस प्रती. चित्रं क्लेमच्या बायकोची, हेझलची. हेझल लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरते. तिने कादंबरी एकोणीस वेळा वाचली होती आणि सातही चित्रांत तो माणूस कुठेच नव्हता.

"का गं, त्याला का नाही काढलंस?" मी विचारलं होतं.

"कंटाळवाणा आहे," हेझल म्हणाली. "शिवाय तो लाकडं आणायला गेलाय."

कागद टास्मानियातल्या एका बाईने हाताने केलेला. कागद करून झाल्यावर ती मधमाश्या पाळायला लागली आणि आता फोन उचलत नाही. म्हणजे बेचाळीस प्रतींना पुरेल एवढाच कागद, वर तीन ताव. बस.

आता विनोदाकडे येते. क्लेम पुस्तक शेवटून छापायला घेतो. त्याचं गणित असं, की पहिले दिवस हात बसायला जातात आणि लोक सगळ्यात जास्त पहिलं पान बघतात. तेव्हा पहिलं पान सगळ्यात शेवटी छापावं. त्यामुळे कबुलीचं पान सगळ्यात आधी. कबुलीला किती ओळी लागतील याचा अंदाज घ्यायला म्हणून मी काहीतरी मजकूर जुळवून ठेवला, आणि जुळवलेल्या खिळ्यांच्या त्या फर्म्याला पिवळी दोरी बांधली. आमच्याकडे पिवळी दोरी म्हणजे 'छापायचं नाही'. मग मी अक्कलदाढ काढायला दोन दिवस ॲडलेडला गेले.

परत आले तेव्हा शेडमध्ये बेचाळीस ताव दोरीवर वाळत होते.

"काय ठसा उमटलाय बघ," क्लेम म्हणाला. "बोट फिरव. बोट फिरव!"

क्लेम छापताना वाचत नाही. शाई बघतो, दाब बघतो, कागदावर उमटलेली खाच बघतो. वाचत बसणारा छपाईवाला त्याच्या मते चाखत बसणाऱ्या आचाऱ्यासारखा, पाहुण्यांना काही उरत नाही.

"पिवळी दोरी कुठाय?" मी विचारलं. अर्धा जबडा बधिर होता, तरी स्पष्ट विचारलं.

खिडकीतून हेझलचा आवाज आला. "माझ्या टोमॅटोंना बांधली! मस्त आहे गं, सुटत नाही!"

क्लेमने माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा शोधला आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आपलं छापलेलं पान वाचलं:

*या पुस्तकाच्या बेचाळीस प्रती पोर्ट ट्रेव्हेना इथे क्लेमेंट नॅनकिव्हेल याने हाताने छापल्या. छपाईच्या काळात यंत्राजवळ त्याने एक शब्दही उच्चारला नाही. सर्व ताव बोलिंग क्लबच्या हिरवळीवर वाळवले. हेझल नॅनकिव्हेल हिने आपली सातही चित्रं गुडघाभर समुद्रात उभी राहून तपासली आणि तिला ती सगळी आवडली. बांधणीपूर्वी संपूर्ण कादंबरी एका एमूला वाचून दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. हे या छापखान्याचं शेवटून दुसरं पुस्तक होय.*



"तीन ताव जास्तीचे आहेत," मी म्हणाले. "एकोणचाळीस प्रती खोट्या, तीन खऱ्या, असं काही..."

"याच तावावर कादंबरीची शेवटची पानं आहेत. फेकून देऊ?"

"कबुलीवर कागद चिकटवू एक. छोटासा."

क्लेमने माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसऱ्या बाजूची अक्कलदाढही त्याच दिवशी काढायला हवी होती, म्हणजे मला बोलताच आलं नसतं.

"म्हणजे आता?" मी विचारलं.

"म्हणजे आता हे खरं करायचं," क्लेम म्हणाला. त्याने एकेका ओळीवर बोट ठेवलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "हे शेवटचं वाक्य... ते नंतर बघू."

हे शेवटचं वाक्य मी विनोद म्हणून लिहिलेलं नव्हतं. ते त्यालाही कळलं, मलाही कळलं, आणि आम्ही दोघांनी लगेच एमूविषयी बोलायला सुरुवात केली.

---

पहिला प्रश्न असा निघाला, की हे बेचाळीस ताव छापताना क्लेम बोलला होता का.

"एकटाच होतो. कुणाशी बोलणार?" क्लेम म्हणाला. मग त्याला आठवलं. खऱ्या माणसाचा त्रास हा असतो. "सतराव्या तावाला 'अरे वा' म्हणालो."

"यंत्राजवळ?"

"दारात. उजेडात धरून बघत होतो."

मी फुटपट्टीने मोजलं. बिशपपासून दार अकरा फूट.

"अकरा फूट म्हणजे जवळ नाही," मी म्हणाले.

"आपल्या लग्नात तू माझ्यापासून अकरा फुटांवर उभा होतास," हेझल खिडकीतून म्हणाली. "तेव्हा पाद्री म्हणाला होता, अजिबात जवळ नाही. 'अरे वा' चालेल."

त्या दिवसापासून क्लेम बिशपजवळ मुका झाला. क्लेमला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल. हा माणूस छापताना फुटबॉलच्या पंचांना, सरकारला, स्वतःच्या खांद्याला आणि ई या अक्षराला अखंड शिव्या देतो. आता शिवी आली की दांडा सोडायचा, बाहेर जायचं, अंगणातल्या लिंबाच्या झाडाला ती द्यायची आणि परत यायचं. रोज वीस-पंचवीस फेऱ्या. हेझल म्हणते त्या वर्षी लिंबं धरलीच नाहीत.

मला काही सांगायचं असलं तर तो डोळे मिचकावायचा. एकदा म्हणजे शाई जास्त, दोनदा म्हणजे शाई कमी, तीनदा म्हणजे डोळ्यात काहीतरी गेलंय.

मग हिरवळ. बोलिंग क्लबच्या हिरवळीची देखभाल व्हर्न ट्रेझाइझ करतो. ते गवत तो कातरत नाही, विंचरतो. एका ख्रिसमसला त्याने स्वतःच्या नातवाला हिरवळीवर रांगू दिलं नव्हतं, कारण तिथे फक्त सपाट तळाचे बूट चालतात आणि गुडघ्यांना सपाट तळ नसतो.

"ओले कागद? माझ्या हिरवळीवर?" व्हर्न म्हणाला. "नॅनकिव्हेल, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"वाळायला फक्त दोन तास लागतात रे," क्लेम म्हणाला.

"नियम वाच. हिरवळीवर फक्त सभासद. आणि सभासदाने पूर्ण पांढरा पोशाख घातलेला हवा."

मी म्हणाले, "कागद पांढराच आहे."

व्हर्न थांबला. नियम मानणाऱ्या माणसाचं हेच मोठेपण असतं, की तो नियमाच्या दोन्ही बाजूंनी चालतो. त्याने मला विचारलं, "पूर्ण?"

"समास पांढरे, मधे थोडं काळं. टायसारखं."

प्रश्न कमिटीपुढे गेला. 'खाऱ्या वाऱ्याचं घर' या पुस्तकाला एका हंगामापुरतं सभासद करून घ्यावं असा ठराव आला. कमिटीतल्या मिसेस बॉडन म्हणाल्या, पुस्तक संध्याकाळच्या जेवणाला येणार असेल तर ताटं मोजावी लागतील. येणार नाही, असं लेखी घेतलं. पाच विरुद्ध दोन मतांनी पुस्तक सभासद झालं. विरोधातल्या दोघांनी ते शाळेत वाचलं होतं.

आधी छापलेले बेचाळीस ताव दोरीवर वाळले होते, म्हणजे खोटे वाळले होते. ते आम्ही पुन्हा ओलसर केले आणि बाकीच्यांबरोबर हिरवळीवर मांडले. दुपारी खाडीकडून वारा सुटतो, म्हणून व्हर्नने स्वतः प्रत्येक तावाच्या कोपऱ्यांवर लोकरीचे तुकडे ठेवून त्यांवर खेळायचे गोळे ठेवले. मग तो चटईवर गुडघे टेकून ओळींतून सरकत राहिला. मला वाटलं गवत तपासतोय. चौथ्या दिवशी त्याने मान वर केली.

"जहाज येतं का गं शेवटी?"

"वाळू दे, मग वाच," मी म्हणाले.

---

एमूचं काम सगळ्यात अवघड वाटलं होतं. गावाबाहेर ग्लेनिस चिनोवेथकडे एक एमू आहे. ट्रकखाली सापडलेल्या एका एमूचं पिल्लू तिने वाढवलं. नाव कीथ. कीथला चमकणारं सगळं आवडतं आणि कशातच दोन मिनिटांपेक्षा जास्त रस वाटत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने प्रस्तावना ऐकली, क्लेमच्या शर्टाचं बटण खाल्लं आणि निघून गेला.

"तो नाही ऐकायचा," ग्लेनिस म्हणाली. "माझंही ऐकत नाही. माझा नवरापण असाच होता, पण त्याला निदान पिसं नव्हती."

आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तर तो आम्हाला बघूनच पळाला. क्लेमने आयुष्यात बऱ्याच टीकाकारांना तोंड दिलं होतं, पण ताशी पन्नास किलोमीटरने पळणारा पहिलाच.

मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्लेनिसचा फोन आला. "ताबडतोब या. कीथ बसला."

एमूंमध्ये अंडी नर उबवतो. एकदा बसला की आठ आठवडे जवळजवळ उठत नाही. खात नाही, पीत नाही, फक्त दिवसातून काही वेळा उभा राहून अंडी फिरवतो आणि पुन्हा बसतो. कीथच्या खाली रानातल्या कुठल्याशा मादीने टाकलेली सात हिरवीगार अंडी होती आणि चेहऱ्यावर, आपण कुठे फसलो, असा भाव.

क्लेमने घडीची खुर्ची मांडली, थर्मास ठेवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. साडेतीन तास. कीथने दोनदा अंडी फिरवली, एकदा डोळे मिटले. पण डोळे मिटणं म्हणजे न ऐकणं नव्हे, चर्चमध्ये आम्ही सगळे तेच करतो. एकवीस वर्षं दारात बसलेल्या माणसाची गोष्ट आठ आठवडे अंड्यांवर बसलेल्याला वाचून दाखवण्यात काहीतरी होतं. शेवटी जहाज आलं आणि घरात कोणी नव्हतं, तेव्हा कीथने मान लांब करून घशातून ढोलासारखा आवाज काढला.

"कळलं त्याला," क्लेम कुजबुजला.

"भूक लागली असेल," ग्लेनिस म्हणाली, पण तिने नाक पुसलं.

राहिली हेझल. खरं सांगायचं तर हिरवळ आणि एमू हे सोपे भाग होते. हेझलला पन्नास वर्षांत स्वतःचं एकही चित्र आवडलेलं नव्हतं. तिची चित्रं राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात टांगलेली आहेत आणि ती तिथे जात नाही, कारण तिला ती पुन्हा कोरावीशी वाटतात.

"मी आवडलं म्हणाले तर काम संपलं ना?" ती म्हणाली.

"म्हणायचं नाही. आवडायला हवं," क्लेम म्हणाला. "कबुलीत 'आवडली' लिहिलंय. 'म्हणाली' नाही."

"टेगन, दुसऱ्याच्या बायकोच्या आवडीनिवडीबद्दल छापायच्या आधी विचारत जा गं."

आमचा समुद्र उथळ. ओहोटीला गुडघाभर पाणी हवं असेल तर चारशे पावलं चालावं लागतं. मेमध्ये पाणी असं थंड, की पायाची बोटं आपली आहेत का हे वाकून बघावं लागतं. हेझल स्कर्ट कमरेला खोचून निघाली, मागे मी सातही चित्रांचे नमुना-छाप डोक्यावर धरून, आणि माझ्या मागे क्लेम, एक स्टूल घेऊन, कुणालाच नको असलेलं.

पहिलं चित्र, रिकामा धक्का. हेझलने बराच वेळ बघितलं. "हं. बरं आहे."

"बरं की आवडलं?"

"आवडलं. ओरडू नकोस."

दुसरं, किटली. आवडलं. तिसरं, उंबरठा. चौथं, पाचवं, सहावं. पाण्यात उभं राहिलं की माणूस दयाळू होतो किंवा घाईत असतो. मग सातवं. दारातली रिकामी खुर्ची.

हेझल बघत राहिली. एक बगळा आला, गेला.

"डावा पाय खोटं बोलतोय," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"खुर्चीचा. तीन पाय वाट बघतायत, चौथा नुसता उभा आहे."

त्यानंतर तिने ती खुर्ची नऊ वेळा नव्याने कोरली. नऊ ठोकळे. नऊ वेळा आम्ही चारशे पावलं आत गेलो आणि चारशे पावलं परत आलो. बाकी सगळं पुस्तक छापून, हिरवळीवर वाळवून झालं. फक्त खुर्चीची जागा कोरी. जून अर्धा सरला. ट्रक यायला अकरा दिवस राहिले, आणि माझ्या मनात एक वाईट विचार आला: हेझलला खुर्ची कधीच आवडली नाही, तर पुस्तक कधीच पुरं होणार नाही, आणि बिशप कुठेच जाणार नाही. मी हा विचार हेझलला सांगितला.

"मी त्यासाठी नावडती ठेवू?" हेझल म्हणाली. "मूर्ख मुली. मला खरंच आवडत नाहीये."

दहाव्या खेपेला तिच्या अंगठ्याला खेकडा चावला. हेझल ओरडली आणि हातातला छाप पाण्यात पडला. मी तो धरला, पाणी निथळलं आणि तिच्यापुढे केला. खुर्चीच्या डाव्या पायावर समुद्रातल्या गवताची एक चपटी पात चिकटली होती. पाय झाकला गेला होता.

"अरे," हेझल म्हणाली. "अरे! उभी आहे की तरी!"

ती खेकड्यासकट घरी गेली. घरी जाऊन तिने ठोकळ्यातला डावा पाय कोरून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी, चारशे पावलं आत, गुडघाभर पाण्यात, तिने तीन पायांची खुर्ची पाहिली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या चित्राकडे बघून हसली. क्लेमने रुमाल काढला.

"थंडी आहे," तो म्हणाला.

---

जूनचा शेवटचा शनिवार. बेचाळीस प्रती बांधून टेबलावर रचल्या होत्या. सकाळी दहाला ट्रक आला. वाइन बारचा मालक लॅकलन, बारीक दाढी, अगदी सभ्य माणूस. त्याने बिशपभोवती चक्कर मारली आणि वरच्या लोखंडी टोपीवर द्राक्षं लटकवता येतील का विचारलं.

"थांब जरा," क्लेम म्हणाला. तो दारात, अकरा फुटांवर उभा होता. "तुला शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण कबुलीत लिहिलंय की हे शेवटून दुसरं पुस्तक. म्हणजे एक राहिलं. ते छापतो, मग घेऊन जा."

"किती दिवस?" लॅकलन म्हणाला.

"एक प्रत. चार पानं. जेवायच्या आत."

मी दोन महिन्यांहून जास्त या एका ओळीवर जगत होते, आणि त्याने ती चार पानांत मिटवली. खोटंही नाही. तीनपैकी दोन जास्तीचे ताव खुर्चीत गेले होते, एक उरला होता. बरोबर एका पुस्तकापुरता.

"मी जुळवते," मी म्हणाले.

"नको. तू जुळवलंस की काय होतं ते बघितलंय."

त्याने स्वतः जुळवलं. हळूहळू, नाकाशी खिळे धरून. पहिल्या पानावर नाव: 'जहाज'. दुसऱ्यावर एकच वाक्य: *मी आलो होतो, घरी कोणी नव्हतं.* तिसऱ्यावर हेझलची तीन पायांची खुर्ची. चौथं, कबुलीचं, रिकामं.

"कबुली आधी नाही छापायची?" मी विचारलं. "शेवटून सुरुवात?"

तो यंत्रापाशी होता, त्यामुळे बोलला नाही. त्याने नकारार्थी मान हलवली. मग शाई लावली, कागद बसवला आणि दांड्यापासून बाजूला झाला. माझ्याकडे बघून त्याने दांड्याकडे बोट केलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्याने पुन्हा बोट केलं आणि खांदा चोळला. मी एप्रनला हात पुसले आणि दांडा धरला. तो मला वाटलं होतं त्यापेक्षा गरम होता. मी ओढला. बिशप वाकला आणि पुन्हा उठला. क्लेमने कागद उचलला, खाचेवरून बोट फिरवलं, मला एकदा डोळा मिचकावला. शाई जास्त.

दोन तास ताव हिरवळीवर ठेवला. आधीच्या पुस्तकाचं सभासदत्व अजून होतं, व्हर्नने वहीत बघून नव्याला त्याचा पाहुणा म्हणून सोडलं. मग आम्ही चौघं तो घेऊन ग्लेनिसकडे गेलो. लॅकलन वाटेत पेस्टी खात होता. एमू का, असं त्याने फक्त एकदा विचारलं.

"वाचून दाखवायला," हेझल म्हणाली.

"हां," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.

कीथची अंडी त्याच आठवड्यात फुटली होती. सात पट्टेदार पिल्लं त्याच्या पायांत घोटाळत होती, आणि आठ आठवड्यांनी कीथला कुठेतरी जायचं होतं. क्लेमने नाव वाचलं. कीथने बघितलं. क्लेमने दुसरं पान उलटलं आणि वाचलं, "मी आलो होतो, घरी..."

कीथ सात पिल्लांना घेऊन कुंपणापलीकडे निघून गेला. वाक्य संपलं तेव्हा समोर कोणी नव्हतं.

"अरे वा," क्लेम म्हणाला.

परत आल्यावर त्याने कबुली जुळवली. माझ्याकडे पाठ करून, कारण मी खिळे उलटे असले तरी सुलटे वाचते. लॅकलनने ट्रकची फळी खाली केली होती. दोन माणसं पट्टे घेऊन उभी होती. क्लेमने फर्मा बसवला, शाई लावली आणि बाजूला झाला. मी दांडा ओढला, कागद उचलला. छापणाऱ्याने वाचायचं नसतं, पण मी अजून नवीन होते.

*'जहाज' या पुस्तकाची एक प्रत पोर्ट ट्रेव्हेना इथे छापली. दांडा टेगन पोल्किंगहॉर्न हिने ओढला. क्लेमेंट नॅनकिव्हेल जवळ उभा होता आणि गप्प होता. प्रत एका एमूला वाचून दाखवली. तो दुसऱ्या पानावर उठून गेला. ही प्रत बाद समजावी. एमू शेवटपर्यंत ऐकेपर्यंत हे पुस्तक पुन्हा छापलं जाईल.*

मी ते मोठ्याने वाचलं. मी यंत्राजवळ बोललेलं चालतं, माझ्या गप्प राहण्याबद्दल काही छापलेलं नव्हतं.

"म्हणजे कधीपर्यंत?" लॅकलनने क्लेमला विचारलं.

क्लेम बिशपला टेकून उभा होता. त्याने तीनदा डोळे मिचकावले.

"डोळ्यात काहीतरी गेलंय त्याच्या," मी सांगितलं.

"पण मला शब्द दिला होता," लॅकलन म्हणाला. रागाने नाही, नुसतं आठवण म्हणून.

"आहे की शब्द," हेझल म्हणाली. "हे पुस्तक झालं की घेऊन जा. कीथ पुढच्या मेमध्ये बसेल, तेव्हा बघू. बसला तर. आणि ऐकलं तर. आणि तोपर्यंत मी खुर्ची पुन्हा कोरणार आहे, मला आता उजवा पाय पटत नाहीये."

लॅकलनने बिशपकडे पाहिलं, मग हातातल्या उरलेल्या पेस्टीकडे. "मग मी चीज कशावर मांडू?"

हेझल घरात गेली आणि जिच्यावरून तिने दहा ठोकळे कोरले ती खुर्ची घेऊन आली. चारही पाय शाबूत. दोघांनी ती पट्ट्यांनी नीट बांधून ट्रकवर चढवली, वजन दीड गाय असल्यासारखी.

नंतर लॅकलनने फोटो पाठवला. बारमध्ये मधोमध खुर्ची, तिच्यावर तीन प्रकारचं चीज. हेझलने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, डावा पाय अजून खोटंच बोलतोय, पण चीजला कळत नाही.